काटा शून्यावर येईना

१८८४ साल. कल्याणच्या तारऑफिसात यंत्रं दुरुस्त करणारा कोलशेतचा व्हॅलेरियन तीन दिवस डोकं धरून बसला होता. तारेतली वीज मोजणाऱ्या यंत्राचा चुंबकी काटा काही केल्या शून्यावर येईना. खडवलीकडची लाइन मुकी पडलेली, आणि हे यंत्र सुधारल्याशिवाय ती कुठे तुटलीय ते कळणार नव्हतं. साहेबाने बजावलं होतं, "आज नाही झालं, तर उद्या येऊ नकोस."

त्याने स्क्रू आवळले, तारांच्या सांध्यांना नव्याने डाग दिले, मरियामातेला मेणबत्तीचा नवस बोलला. "मेल्या, हल की!" म्हणून काट्यावर खेकसलाही. शेवटी खोट काट्याभोवतीच्या वेटोळ्यातच आहे असं धरून त्याने केसासारखी बारीक तार उलगडायला घेतली. अशी तार फक्त विलायतेहून यायची. हजार फेरे सुटले. काटा तसाच वाकडा.

तेवढ्यात ऑफिसामागच्या त्यांच्या राहत्या खोलीतून बायको, रोझा, आली. "कोयता द्या तुमचा, सरपण फोडायचंय."

बापजाद्यांच्या सवयीने रोज कमरेला अडकवलेला लोखंडी कोयता त्याने न बघताच काढून दिला. ती अंगणात गेली.

काटा थरथरला आणि सावकाश शून्यावर येऊन थांबला.

व्हॅलेरियन मांडीवरच्या तारेच्या गुंत्याकडे बघत राहिला. बाहेर रोझा लाकडं फोडत होती.