सुनेच्या मागावर

कऱ्हाटीच्या जयवंताबाईंचा कुणावर चटकन विश्वास बसत नसे. नवरा लवकर गेला आणि भावकीनं गोड बोलत बोलत रानाचा बांध सरकवला. तेव्हापासून कुणी गोड बोलायला लागलं की त्यांच्या कपाळाला आठी पडायची. मुलगा ऋषिराज घरूनच बारामतीला नोकरीला जायचा. तिथंच भेटलेल्या राजापूरकडच्या सुप्रियाशी त्यानं लग्न केलं. बाईंनी सुनेला नावं ठेवली नाहीत, पण तिच्यावर नजर ठेवली.

सुप्रिया दर मे महिन्यात माहेरी जायची आणि उन्हानं रापून, पण खुशीत परत यायची. एवढी खुशी कशाची, हे बाईंना कळेना. शेवटी त्या म्हणाल्या, "औंदा मी बी येते. दर्या बघीन."

माहेरचं घर डोंगरउतारावर होतं. तिथून समुद्र दिसत नव्हता, नुसता ऐकू यायचा. रोज दुपारी भांडी आवरली की सुप्रिया "देवीला जाऊन येते" म्हणून निघायची आणि ओल्या केसांनी परतायची.

"देवीच्या वाटंला पाणी लागतं व्हय?" बाईंनी विहीणबाईंना विचारलं. त्या हसून आत निघून गेल्या. ते हसणं बाईंना मुळीच आवडलं नाही.

मग एका दुपारी त्या सुनेच्या मागं निघाल्या. देऊळ उजवीकडं राहिलं आणि सुप्रिया डावीकडच्या करवंदीच्या जाळीत शिरली. इतकी आडवाट धरायची म्हणजे कुणीतरी भेटायला येत असणार. बाईंनी पदर खोचला आणि जांभ्या दगडांवरून बसत, सरकत त्या खाली उतरल्या.

खाली दोन काळ्या कड्यांच्या मधे थोडीशी वाळू होती. घर नाही, होडी नाही, माणूस नाही. खडकावर सुप्रियाची ओढणी होती, शेजारी चपला. वाळूत एकाच माणसाची पावलं उमटली होती, पाण्याकडं गेलेली. परत आलेली दिसत नव्हती.

बाई त्या पावलांमागं पाण्याच्या कडेपर्यंत गेल्या. आपल्या नजरेला कंटाळून पोरीनं... पुढचं त्यांना मनातसुद्धा म्हणवेना. त्यांनी हाक मारली, ती लाटांच्या आवाजात त्यांनाच ऐकू आली नाही.

मग लांब कड्याच्या टोकापाशी एक डोकं वर आलं. पाण्याखाली गेलं, पुन्हा वर आलं आणि किनाऱ्याकडं येऊ लागलं.

सुप्रिया निथळत बाहेर आली आणि सासूला बघून थबकली.

"आणिक कोण हाय?" बाईंनी विचारलं.

"कोणी नाही, आई."

"त्या कड्याच्या मागं?"

"समुद्र."

बाईंनी कड्याकडं नीट बघून घेतलं. "मग देवीचं खोटं कशापायी?"

"पोहायला जाते म्हटलं असतं, तर सोडलं असतंत?"

"नसतं सोडलं."

सुप्रिया त्यांना घेऊन वाळूत बसली. वडिलांनी मला इथंच पोहायला शिकवलं, ती सांगू लागली. तिकडं कऱ्हाटीत वर्षभर अंग आखडून जातं.

"मला वाटलं, माझ्यापायी जीव दिलास," बाई म्हणाल्या. सुप्रियानं त्यांचा हात धरला.

त्या वर्षी पाऊस बरा झाला आणि रानातली विहीर भरली. एका दुपारी बाई सुनेला घेऊन तिथं गेल्या. "उतर," म्हणाल्या आणि स्वतः काठावर बसल्या. भावकीतला गेणबा बांधावरून येत होता. पाण्याचा आवाज ऐकून तो थांबला.

"वैनी, आत कोण हाय?"

"तुला काय करायचंय? पुढं हो."

तो दिसेनासा होईपर्यंत बाई त्याच्याकडं बघत राहिल्या. मग विहिरीत वाकून म्हणाल्या, "सुप्रिया, डोकं वर काढ गं. दिसंना मला."