वोलिटान्स आणि टेंबावरचा वड

पडदा वर जातो तेव्हा समोर एक खळे दिसते, शेणाने सारवलेले. मागे टेंब, म्हणजे छोटी टेकडी, पुढे समुद्र. मधोमध एका ओंडक्यावर गुणाजी बसला आहे. पाठ टेंबाकडे, तोंड पाण्याकडे. वय त्र्याहत्तर, गुडघा कामातून गेलेला. आठ वर्षे त्याने होडीत पाय टाकलेला नाही, तरी वाडी त्याला अजून होडीचा म्होरक्या, तांडेलच म्हणते. वेळ सकाळची, प्रवेश माझा. दशावतारात मी चाळीस वर्षे राजे केले.

"ये रे राजा! राज्य सोडून चायेक इलंस?"

"सलोनी खंय?"

"वोलिटान्स मोजूक गेली," गुणाजी तोंडभरून म्हणाला.

सलोनी त्याची नात. सावंतवाडीला वाढली, आता कॉलेजात माशांचा अभ्यास करते. आपल्या पाखरू माशाच्या शास्त्रीय नावातला हा लॅटिन शब्द त्याने तिच्याकडून घोकून घेतला होता. उडणारा, तोही एक झेप घेऊन थांबणारा नव्हे, पुन्हा पुन्हा उडत राहणारा. "ज्येनां ह्या नाव ठेवलां, त्येनां मासो नीट बघलेलो," असे प्रशस्तिपत्र तो त्या परक्या माणसाला देत असे.

"कोणाबरोबर गेली?"

"स्वरूपच्या होडयेतून. पाखरां खंय गावतत तां मीच सांगलंय. आणि येताना देवळाचा शिखर नि मागचो वड एका रेषेत धरून सरळ ये म्हटलंय."

"खंयचो वड?"

"टेंबावरचो. आणि खंयचो?" त्याने मागे न बघताच अंगठा दाखवला.

माझा कप ओठांशीच राहिला. "गुणाजी, तो वड वादळात पडलो. चार वर्षां झाली. तू त्याच्यारच बसलंस."

त्याने खाली ओंडक्याकडे पाहिले. हा तुकडा त्यानेच करवतून आणला होता. झाड पडल्याचे त्याला ठाऊक होते, पण डोक्यातली खूण उभीच होती. त्या खुणेवर त्याने पन्नास वर्षे होडी घरी आणली होती.

"शाळेमागं दुसरो वड आसा," तो हळूच म्हणाला. "तिका तोच दिसतलो."

तो वड धरला तर होडी सरळ खडपावर, पाण्यातल्या खडकांच्या रांगेवर जाते. पहाटे भरती होती, तेव्हा ते खडक खोल होते. आता ओहोटी लागली होती, आणि ते पाण्याखाली जेमतेम हातभर होते. स्वरूप किल्ल्याकडे पर्यटक फिरवणारा, त्याला ही वाट नवी. मी त्याला फोन लावला. लागेना. पुन्हा लावला. लागेना.

"राजा, तुझो पडदो आसा मा?"

दशावतारातला माझा जुना लाल पडदा पेटीत होता. मी तो आणला आणि काठीला बांधला. गुणाजी टेंब चढू लागला. दर दहा पावलांनी थांबे, गुडघा दाबे, मला शिव्या देई. "चल रे! रंगमंचार असो हळूहळू येय होतंस काय?"

वडाच्या खड्ड्यात मी उभा राहिलो. खाली शिखर, पलीकडे पाणी, आणि पाण्यावर एक ठिपका. तो दक्षिणेला, खडपाच्या बाजूला होता.

"वर धर! हलव!"

मी हलवला. रंगमंचावर इतके हात मी कधी हलवले नव्हते. वाऱ्याने पडदा फडफडत होता. ठिपका मोठा होत होता, पण वळत नव्हता. गुणाजीने माझा सदरा मुठीत धरला होता.

"थकलंस तरी सोडू नको. पाया पडतंय तुझ्या."

मग होडी जागच्या जागी थांबल्यासारखी झाली. टोक हळूहळू वळले. उत्तरेला, आणखी थोडे, आणि शिखराच्या रेषेत आले.

आम्ही किनाऱ्यावर पोचलो तेव्हा सलोनी गुडघाभर पाण्यात उभी होती, वही डोक्यावर धरून.

"आजोबा, अकरा दिसले! आणि तुमच्या देवळामागे टेंबावर ते लाल काय होतं? आम्ही शाळेकडचा वड धरून येत होतो. जत्रेतल्या पडद्यासारखं वाटलं, म्हणून स्वरूपला म्हटलं, तिकडे वळव."

ती वही उघडून आकडे दाखवू लागली. गुणाजीने पाहिले नाही. त्याने तिचे ओले मनगट घट्ट धरले.

"आधी ह्या लिही गो. टेंबावरचो वड पडलो आसा, आणि आजो चुकलो."