हात लावू का?

बीडच्या स्टँडसमोरचे मोबाइल दुरुस्तीवाले चाचा फोन घेण्याआधी विचारतात, "हात लावू का?" फोन विकणाऱ्यानं मला असं कधी विचारलं नव्हतं.

परवा त्यांच्याकडे आलेल्या पाली गावच्या एका मावशींना ॲपांच्या गर्दीत लेकीचा नंबर सापडेना.

"काढून टाक की बाबा हे सगळं."

"निघत न्हाई, मावशी. कंपनीनंच घालून दिलंय. फोनच्या मालकाला नको ते काढता आलं पायजे, असा नियम सरकार करणार हाय म्हणत्यात."

"मग तवर?"

चाचांनी एकेक ॲप स्क्रीनच्या शेवटच्या पानावर सरकवलं. पहिल्या पानावर फक्त लेकीचा फोटो ठेवला. दाबला की तिलाच फोन लागणारा. मग फोन सदऱ्याला पुसून दोन्ही हातांनी परत दिला.

"घर तुमचंच हाय, मावशी. न बोलावलेले पाव्हणे मागं बसवलेत."