बारदान

धान्यबाजारात त्याला सगळे मापाडीच म्हणत. आईबापांनी ठेवलेलं नाव कुठल्यातरी कागदावर असेल, पण त्या नावानं कोणी हाक मारली असती तर त्यानं मान वळवली नसती. चाळीस वर्षं त्यानं दुसऱ्यांचं धान्य तोललं. विकणारा आणि घेणारा दोघंही काट्याला नाक लावून उभे, आणि हा मधे उभा राहून आकडा ओरडायचा. तो ओरडला की वाद मिटला. बोलायला खवट, चेहरा सदा आंबलेला, पण त्याच्या आकड्यावर कोणी ब्र काढला नाही.

त्याचा एक हट्ट होता. भरलं पोतं तोललं की त्यातून रिकाम्या पोत्याचं वजन वजा करायचं असतं. रिकाम्या पोत्याला बाजारात बारदान म्हणतात. बाकीचे मापाडी सकाळी एक बारदान तोलत आणि तोच आकडा दिवसभर वजा करत. हा दर ढिगाला नवं बारदान तोलायचा. पोतं ओलं असतं, विरलेलं असतं, ठिगळांनी जड झालेलं असतं. हमाल कावायचे.

"अहो मापाडी, पोती सगळी सारखीच की!"

"तुझी बायको आणि तुझी सासू सारखीच का रे? दोघी बायकाच की."

हमाल पुढचं पोतं उचलायचे.

गोदामामागच्या दोन खोल्यांत तो राहायचा. मूलबाळ नव्हतं. बायको तीन वर्षांपूर्वी गेली. मागं राहिला छटाक. अकरा वर्षांपूर्वी एका ट्रकमधून पोत्यांबरोबर उतरलेलं हे कुत्र्याचं पिल्लू बायकोनं पदरात घालून आणलं, तेव्हा मापाडी म्हणाला होता, "हे काय आणलंस छटाकभर?" तेच नाव पडलं. बापाची जात एक, आईची दुसरी, दोघांचंही धड काही घेतलं नव्हतं त्यानं. अंग लांबोडकं, पाय आखूड, एक कान उभा, एक पडलेला. मापाडी त्याचे लाड करताना कोणाला दिसला नाही. पण रोज सकाळी ओल्या फडक्यानं त्याचे डोळे पुसायचा आणि बोटांत धरून नखं कापायचा.

उन्हाळ्यात छटाक पाणी फार पिऊ लागला. मापाडीनं त्याला जनावरांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर एक तरुण मुलगी होती. तिनं तपासलं, गोळ्या दिल्या आणि म्हणाली, "आजोबा, याचं वय झालंय. मूत्रपिंडावर लक्ष ठेवायला हवं. दर रविवारी वजन करा. दोन महिन्यांनी आकडे घेऊन दाखवायला या."

वजन करा म्हणजे हातचंच काम. पण छटाकला काट्यावर ठेवलं की चारी पाय थरथरायचे आणि आकडा नाचायचा. मग मापाडीनं युक्ती केली. आधी स्वतः रिकाम्या हातांनी काट्यावर उभा राहिला. एकसष्ट किलो चारशे. मग छटाकला काखेत घेऊन उभा राहिला. एकोणसत्तर सहाशे. म्हणजे छटाक आठ किलो दोनशे. गोदामाच्या दारावर खडूनं लिहून टाकलं.

पुढच्या रविवारी छटाक सात नऊशे भरला. त्याच्या पुढच्या रविवारी सात पाचशे.

मापाडीनं छटाकचं खाणं वाढवलं. उकडलेली अंडी, मटणाचं पाणी, दुधात कुस्करलेला पाव. स्वतःच्या ताटातलंही त्याच्यापुढे सरकवायचा. तसंही त्याच्या घशाखाली घास उतरत नव्हता. दोन घास खाल्ले की पोट गच्च वाटायचं. त्याला वाटायचं, काळजीनं होतंय.

आकडा उतरतच राहिला. सात. सहा सहाशे. सहा.

गोदामाच्या ओट्यावर फाटकी पोती शिवत बसणारी एक बाई होती. पोती शिवायच्या मोठ्या सुईला दाभण म्हणतात, त्यावरून तिला सगळे दाभणमावशी म्हणायचे. जीभही त्याच जातीची. छटाक तिच्या शिवलेल्या पोत्यांवर लोळून केस सोडायचा, म्हणून तिचा त्याच्यावर दात.

"मापाडी, हे तुमचं बेणं लोडासारखं फुगलंय. आणि तुम्ही म्हणता वाळतंय?"

"डोळ्यांनी वजन करता येत असतं तर मला कामाला कोणी ठेवलं असतं?"

"मग उचलून बघा की."

"उचलतो रोज. जड लागतं. ते माझे हात थकलेत म्हणून."

"तुम्हीच चिपाडासारखे झालाय, त्याचं काय?"

"माझं राहू दे. तू सुईकडे बघ, बोटात घुसेल."

आठव्या रविवारी छटाक पाच किलो चारशे भरला. मापाडीनं तीनदा तोललं. तिन्ही वेळा तेच. सोमवारी दवाखाना उघडायच्या आधी तो दारात उभा होता, छातीशी छटाक आणि खिशात आठ आकड्यांचा कागद. डॉक्टरीणबाईंनी कागद वाचला, छटाककडे पाहिलं, पुन्हा कागद वाचला. मग त्याला टेबलावरच्या काट्यावर ठेवून मानेला धरून राहिल्या.

"नऊ किलो शंभर."

"तुमचा काटा खोटा आहे," मापाडी म्हणाला.

"आजोबा, महिन्यापूर्वीच तपासलाय."

"मी चाळीस वर्षं हेच केलं, बाई. मला शिकवू नका. काही बंद पिशवी आहे का, वजन छापलेली?"

त्यांनी कपाटातून कुत्र्यांच्या खाण्याची पाच किलोची पिशवी आणून ठेवली. काट्यानं पाच दाखवलं, वर पिशवीचे चारदोन ग्रॅम. मापाडी आकड्याकडे बघत राहिला. छटाक शेपटी हलवत पिशवी हुंगत होता.

"तुम्ही घरी कसं तोलता?" बाईंनी विचारलं.

त्यानं सांगितलं. ह्याला काखेत घेतो, काट्यावर उभा राहतो, त्यातून माझं वजा करतो.

"तुमचं किती?"

"एकसष्ट चारशे."

"ते कधी केलं होतं?"

मापाडीनं कागदावरच्या पहिल्या आकड्यावर बोट ठेवलं. बाईंनी पुढ्यातल्या माणसाकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. सदऱ्याची कॉलर मानेभोवती सैल, घड्याळ मनगटावरून कोपराकडे घसरलेलं.

"बारदान," मापाडी म्हणाला. "दर वेळी नवं तोलायचं असतं. मी शिव्या द्यायचो लोकांना त्याच्यावरून."

"आजोबा, छटाक ठणठणीत आहे. उलट त्याचं खाणं कमी करा. तुम्ही उद्याच्या उद्या माणसांच्या डॉक्टरकडे जा."

परत आल्यावर तो रिकाम्या हातांनी काट्यावर उभा राहिला. सत्तावन्न सातशे. दारावरचे आठही आकडे त्यानं तळहातानं पुसले.

मोठ्या दवाखान्यात चार दिवस नळ्या घालून, फोटो काढून झाले. पोटात गाठ होती. कापून काढावी लागेल, उशीर झालाय, तरी बघू, असं डॉक्टर म्हणाले. आठवड्यानं भरती व्हायचं ठरलं. मापाडीनं एकच विचारलं, किती दिवस. महिना धरून चाला, ते म्हणाले.

महिनाभर छटाकला ठेवणार कुठे? हमालांना विचारलं, तर कोणाच्या घरात जागा नव्हती, कोणाची बायको नको म्हणाली. शेवटी, नको नको म्हणत, तो दाभणमावशीपुढे जाऊन उभा राहिला.

"मला कुत्र्याचा वास सोसत नाही," तिनं मान वर न करता सांगितलं.

"माहीत आहे."

"आणि केस. गिऱ्हाईक मला बोलतं."

"तेही माहीत आहे."

मावशीनं दाभण पोत्यात खोचून ठेवली आणि त्याच्याकडे पाहिलं. "एक सांगा. तुम्ही परत येणार असाल तर महिनाभर सांभाळते. मला गळ्यात पडलेलं नको. येणार ना नक्की?"

हो म्हटलं असतं तर काम झालं असतं. समोर एक म्हातारी बाई, पायाशी बसलेलं एक कुत्रं, दुसरं ऐकायला कोणी नाही. मापाडीनं छटाकची दोरी हाताला गुंडाळली.

"ते मला सांगता येणार नाही, मावशी," तो म्हणाला. "डॉक्टरांनाही येत नाही. आलो तर आलो. नाही आलो तर हा तुझ्याकडेच राहील, मरेपर्यंत. हे धरून काय ते सांग."

मावशीनं सुतळीचं टोक दातांनी तोडलं, शिवलेलं पोतं घडी करून बाजूला ठेवलं. मग हात पुढे केला आणि त्याच्या हातातली दोरी घेतली.

"गोळी कधी द्यायची?"

"सकाळी. पावात दडवून. नुसती दिली तर थुंकतो."

"डोळे पुसता ना तुम्ही? पाहिलंय मी. कोमट पाण्यानं का गार?"

"कोमट."

"आणि नखं मी कापणार नाही. मला भीती वाटते."

"दवाखान्यात ने. ती पोरगी कापून देईल."

भरती व्हायच्या दिवशी तो पिशवी घेऊन ओट्याजवळ आला. मावशीनं ताटलीत दूध-पाव कुस्करला होता, डॉक्टरीणबाईंनी सांगितला तेवढाच. छटाक ताटलीत तोंड घालून बसलेला. मापाडी दोन पावलांवर उभा राहिला. त्यानं हाक मारली नाही. छटाकनंही मान वर केली नाही, ताटलीची कड चाटत राहिला.

"खातोय," मापाडी म्हणाला.

"खाईल. तुम्ही निघा, उशीर होतोय."

तो फाटकाकडे चालू लागला.