अण्णांची वर्तुळं

बायकोच्या नव्या गाडीच्या बॉनेटवर कबुतरांनी केलेली घाण मी भांडी घासायच्या हिरव्या घासणीनं काढली. घाण निघाली. तिच्याबरोबर गाडीची चमकही निघाली.

मृणाल तेव्हा माहेरी नागपूरला गेली होती आणि रविवारी परतणार होती. या डाळिंबी रंगासाठी ती शोरूमवाल्यांशी भांडली होती. जाताना तिनं मला एवढंच बजावलं होतं, "गाडीला काही करू नकोस." पण मी मदत करायला गेलो. मी नेहमी मदत करायलाच जातो.

बॉनेटभर धुरकट ओरखडे उठले होते. गॅरेजवाला म्हणाला, पुढच्या आठवड्यात आणा. आता काय करावं म्हणून मी बेसमेंटमध्ये गाडीपुढे उकिडवा बसलो होतो, तेवढ्यात मागून आवाज आला, "अय्यो, काय केलास रे हे?"

अण्णा होते. सर्जापूर रोडवरच्या आमच्या बिल्डिंगमध्ये सगळे त्यांना अण्णा म्हणत आणि सगळेच त्यांना टाळत. तुमच्याही बिल्डिंगमध्ये असा एखादा असेल, ज्याला लांबून पाहिलं की आपल्याला एकदम महत्त्वाचा फोन येतो. तीन पिढ्या बनशंकरीत, कानडी शेजारात मुरलेलं मराठी घर, नोकरी विमानांच्या सरकारी कारखान्यात, तीही तपासणी खात्यात. निवृत्तीनंतर तपासायला विमानं उरली नाहीत, म्हणून ते आमच्या गाड्या तपासत.

शर्टाच्या खिशात कायम टॉर्च. तो बॉनेटवर तिरपा धरायचा, एक डोळा मिटायचा, गाल पत्र्याला टेकेल इतकं वाकायचं आणि म्हणायचं, "नोडु, बघ! दिसतंय का नाही? वर्तुळं. गोल गोल." मळका कपडा फिरवून फिरवून गाडी पुसली की रंगावर कोळिष्टकासारखे बारीक चरे पडतात आणि उजेडाभोवती त्यांची कडी दिसतात, ती ही वर्तुळं. समोरचा माणूस ऑफिसला निघालेला असे. तरी त्यालाही वाकावं लागे.

अण्णांकडे पॉलिशचं स्वतःचं मशीन होतं. "रविवारपर्यंत होईल?" मी विचारलं.

"स्वल्प काम आहे. अंगठी काढ. घड्याळ काढ. पट्टा काढ, बक्कल लागतं."

अशा रीतीनं मी रोज संध्याकाळी बनियन आणि नाडीच्या पँटीत, एका कानात ऑफिसची मीटिंग घेऊन, बेसमेंटमध्ये टॉर्च धरून उभा राहू लागलो. अण्णांनी बॉनेटच्या कडांना कागदी चिकटपट्टी लावली. "कडेला रंग पातळ असतो. तिथं मशीन न्यायचं नाही." मग फोमच्या चकतीवर पेस्ट, मशीनची घरघर, मऊ कपड्यानं पुसणं, आणि टॉर्च.

दुसऱ्या दिवशी माझे ओरखडे खरोखरच गेले. बॉनेटमध्ये मला माझा चेहरा दिसला, हनुवटीखालच्या वाढीव बांधकामासकट. "झालं अण्णा!" मी ओरडलो.

अण्णा वाकले. "कुठं झालं? वर्तुळं आहेत की. दिसतंय का नाही?"

मला काही म्हणजे काही दिसत नव्हतं. इथं नुसतं 'नाही' म्हणायचं होतं. पण मी आयटीत मॅनेजर आहे, न कळलेल्या गोष्टीवर मान डोलावण्याचाच मला पगार मिळतो. "हो हो, दिसतात ना," मी म्हणालो. तेवढ्यावर थांबलो असतो तर तो मी कसला? जाणकारासारखा वाकलो, बोट ठेवलं आणि म्हणालो, "या कडेला जरा जास्तच आहेत."

अण्णा माझ्याकडे बघतच राहिले. "एवढ्या बिल्डिंगमध्ये नजर असलेला तू एकटा," ते म्हणाले आणि त्यांनी त्या कडेची चिकटपट्टी काढून टाकली.

त्यानंतर काम काही संपेना. रोज "स्वल्प राहिलं, उद्या संपेल." मध्येच थांबून ते थर्मासमधली कॉफी ओतत, त्यातली निम्मी कपात आणि निम्मी माझ्या चपलेवर. वरच्या ट्यूबलाइटकडे बघून "याला पण काय झालंय कोण जाणे" असं पुटपुटत. शनिवारी माझा तोल सुटला.

"अण्णा, गाडी आहे ही! विमान नाही!"

ते पुसत राहिले. "विमानावरचा ओरखडा दिसतो तेवढाच नसतो रे. तिथनंच तडा सुरू होतो. आत माणसं बसलेली असतात. एकदा बघायची सवय लागली की डोळा ऐकत नाही."

माझा वैताग गेला नाही. फक्त तो कुणावर काढायचा ते कळेना.

रविवारी मी फोन उचलेना म्हणून मृणाल बॅग घेऊन थेट बेसमेंटमध्ये आली. तिनं मला बघितलं, माझी नाडी बघितली, मग बॉनेट.

"हे राखाडी काय आहे?"

चिकटपट्टी काढलेल्या त्या कडेला बोटभर लांबीचा राखाडी पट्टा होता. रंग संपून खालचा प्राइमर उघडा पडला होता. टॉर्च माझ्याच हातात होता आणि मला तो पट्टा दिसला नव्हता.

"वर्तुळं राहिलीयत, ती काढत होतो," अण्णा म्हणाले.

मृणाल वाकली. "मला नाही दिसत कुठे."

"याला विचार. याला दिसतात."

दोघंही माझ्याकडे बघू लागले. "आहेत," मी म्हणालो. "स्वल्प."

मृणालनं मला बाजूला सारलं. "अण्णा, त्या ट्यूबलाइटकडे बघा बरं. तिच्याभोवती दिसतात वर्तुळं?"

"हो. गोल गोल."

"आणि लिफ्टच्या त्या लाल दिव्याभोवती?"

"तिथं पण आहेत की." बोलता बोलता अण्णा थांबले. लिफ्टच्या दिव्याला कुणी चुकीच्या कपड्यानं पुसलेलं नव्हतं.

"माझ्या आईला अगदी असंच दिसायचं," मृणाल हळूच म्हणाली. "मोतीबिंदू असेल, अण्णा. आता काढून टाकतात, काही होत नाही."

अण्णांनी पेस्टच्या डब्याचं झाकण लावलं. बराच वेळ लावत होते. मग माझ्याकडे वळले. "मग तुला कसं दिसत होतं?"

आवाजात राग असता तर बरं झालं असतं. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. मी खाली वाकून फोमच्या चकत्या गोळा करू लागलो.

होसकोट्याहून त्यांची मुलगी येऊन त्यांना घेऊन गेली. दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली आणि मग तिनं त्यांना तिकडेच ठेवून घेतलं. बॉनेट आम्ही पुन्हा रंगवून आणलं. आता बेसमेंटमध्ये कुणी कुणाला अडवत नाही. परवा एकजण कोरड्या फडक्यानं धुळीनं भरलेली गाडी खसाखसा पुसत होता आणि त्याच्यावर ओरडायला कुणी नव्हतं. मला उगाचच त्या माणसाचा राग आला.

त्याच संध्याकाळी मी अण्णांना फोन लावला. डोळे एकदम फस्टक्लास होते. आजूबाजूच्या सगळ्या गाड्या बघून झाल्या होत्या, एकही धड नव्हती.

"आणि तुमचं बॉनेट?" त्यांनी विचारलं. "रंग जुळला का नाही?"

"एकदम जुळला, अण्णा. कुठं रंगवलंय ते कळतसुद्धा नाही."



"सरी, बरं," अण्णा म्हणाले. "फोन मृणालकडे दे."