अंगारकीची टेप

कुंदाताईंना जर्मनीतल्या एर्लांगेनमध्ये येऊन चार वर्षं झाली. यजमान हरीशराव गेल्यावर मुलगा वेदांग त्यांना टोरांटोहून इकडे घेऊन आला. सायकलींच्या या गावात त्या बसनेच फिरतात, आणि ड्रायव्हरला 'गुटन मॉर्गन' म्हटल्याशिवाय पुढे सरकत नाहीत. स्वभाव तसा गोड, पण स्वयंपाकाला कुणी नाव ठेवलं की बाईंचा पारा चढलाच.

टोरांटोत त्यांनी सहा वर्षं 'लेडल टीव्ही' या पाककृतींच्या चॅनेलमध्ये काम केलं होतं, पडद्यामागच्या स्वयंपाकघरात. तिथली रीतच अशी, की एकच पदार्थ तीनदा करायचा: एक पातेलं कच्चं, एक अर्धवट, एक तयार. पडद्यावरची बाई हसत हसत झाकण उघडायची ते कुंदाताईंच्या हातचं तिसरं पातेलं. शेवटच्या वर्षी मात्र चॅनेलने त्यांनाच सहा भाग दिले. चीजचं दुकान चालवणाऱ्या ज्या दोन भावांनी हे चॅनेल काढलं होतं, त्यांनी एका परक्या बाईवर एवढा विश्वास टाकला. कुंदाताई ते कधी विसरल्या नाहीत.

पुढे भावांनी चॅनेल एका केबल कंपनीला विकलं. तिने ते एका अमेरिकन कंपनीच्या पदरात घातलं, आणि मग स्वयंपाकाच्या जागी आरडाओरड्याच्या स्पर्धा सुरू झाल्या. आता तिसऱ्या मालकाने जाहीर केलं होतं, की डिसेंबरअखेर चॅनेल बंद आणि जुन्या टेप नष्ट.

ही बातमी वाचून कुंदाताईंना रात्रभर झोप लागली नाही. भरल्या वांग्यांच्या भागात ठरलेला पाहुणा आलाच नव्हता, म्हणून ऐन वेळी हरीशरावांना टेबलाशी बसवलं होतं. त्यांनी पहिला घास घेतला आणि कॅमेऱ्यासमोर म्हणाले, "कुंदा, अगं मीठ विसरलीस." कुंदाताई ताडकन मागच्या स्वयंपाकघरात निघून गेल्या. पुन्हा शूटिंग झालं, हरीशराव 'व्हेरी गुड' म्हणाले आणि तेच दाखवलं गेलं. घरी आठ दिवस अबोला चालला.

त्या अबोल्याची आता त्यांना लाज वाटत होती. हरीशरावांचे फोटो ढीगभर होते, आवाज कुठेच नव्हता. ते 'व्हेरी गुड' त्यांना नको होतं. त्यांना ते खरं वाक्य हवं होतं.

वेदांगने जुना करार काढला. "आई, आल्झो, या फेअरट्रागमध्ये, म्हणजे करारात, स्पष्ट लिहिलंय. प्रत्येक फ्रेम चॅनेलच्या मालकीची. देणार नाहीत ते."

"मागायला काय जातंय?" कुंदाताई म्हणाल्या. "शेरिल अजून तिथेच आहे."

शेरिल टेपांचं कपाट सांभाळायची. तीन मालक झाले, तिची खुर्ची हलली नव्हती. तिचं उत्तर दोन दिवसांत आलं. प्रत्येक मालकाने कार्यक्रमांची नावं आणि नंबर बदलले होते, त्यामुळे नावावरून काही सापडत नव्हतं. डब्यावर फक्त शूटिंगची तारीख होती. ती आठवते का?

तारीख कुठली आठवायला! पण मीठ का राहिलं, ते पक्कं आठवत होतं. त्या दिवशी त्यांचा उपास होता आणि त्यांनी चव घेतलीच नव्हती.

"संकष्टी होती," त्या म्हणाल्या. "आणि शूटिंग उन्हाळ्यात झालं, तेही मंगळवारीच असायचं."

"म्हणजे अंगारकी!" सून स्वरूपा एकदम म्हणाली. तिने फोनवर त्या वर्षाचं कॅलेंडर काढलं. उन्हाळ्यात एकच अंगारकी होती. तारीख तशीच शेरिलला गेली.

डिसेंबर अर्धा उलटला तरी काही कळेना. कुंदाताईंनी गणपतीला एकवीस मोदक बोलले, आणि तांदळाची पिठी शेजारच्या न्युर्नबर्गहून आणवली. मग अठरा तारखेला फाइल आली. शेरिलने नव्या मालकांकडून लेखी परवानगी मिळवली होती, घरात बघण्यापुरती. तिने खाली लिहिलं होतं, 'शेवटपर्यंत पाहा. कॅमेरा कुणी बंद केला नव्हता.'

सगळे सोफ्यावर बसले. पडद्यावर हरीशराव निळ्या शर्टात होते. "कुंदा, अगं मीठ विसरलीस." त्या आवाजासरशी कुंदाताई पुढे सरकून बसल्या. मग पडद्यावरच्या कुंदाताई तरातरा निघून गेल्या. एवढंच त्यांना ठाऊक होतं.

पण टेप चालूच राहिली. सूत्रसंचालक बाई हसून म्हणाली, ताट उचलते, हे खायची गरज नाही. हरीशरावांनी ताटावर हात ठेवला आणि त्यांच्या त्या पुणेरी इंग्रजीत म्हणाले, "माझं हृदयाचं ऑपरेशन झालं तेव्हापासून ती हा उपास करते. सकाळपासून पाणीसुद्धा नाही, आणि चव न घेता एवढं रांधलंय. हे वांगं टाकायचं नाही."

आणि ते खाली मान घालून अळणी वांगं खाऊ लागले.

कुंदाताईंना हे कधीच कळलं नव्हतं. आठ दिवसांच्या अबोल्यातसुद्धा हरीशरावांनी ते सांगितलं नव्हतं.

"ओपा इस्ट आलेस आउफ," नात अन्वी हळूच म्हणाली. आजोबा सगळं संपवतायत.

"शेरिलचं भलं होवो गं बाई," कुंदाताईंनी डोळे पुसले. मग पडद्याकडे बघून म्हणाल्या, "अहो, पुरे आता. मीठ आणते, थांबा."

हरीशरावांनी दुसरं वांगं उचललं.