सातवं कडं

अलिबागच्या कचेरीत काळूराम हरकतीचा अर्ज घेऊन गेला, तेव्हा साहेबानं हसत विचारलं, "नाव काय तुमच्या किड्याचं?"

नाव त्याच्याकडे नव्हतं. गावामागच्या उतारावर, कुजत्या पाल्याखाली चपट्या पाठीचा वाणी किडा राहतो, एवढंच ठाऊक. अंगाच्या बहुतेक कड्यांना पायांच्या दोन-दोन जोड्या, दोन्ही बाजूंना पिवळी कडा, डोळे नाहीत. डिवचला की कडू बदामाचा वास सोडतो. पाला खातो, माती करतो. तो उतार फोडून बंगले होणार होते.

मासळीचा टेम्पो हाकणारा हा सातवी नापास माणूस भिंग घेऊन त्याआधीच दोन पावसाळे पाल्यात लोळला होता. मुंबईच्या अमिषाबाई हेच किडे अभ्यासतात. त्यांनी बाटल्या पाहून सांगितलं की वंश कळतो, पण जात ठरवायला पूर्ण वाढलेला नर हवा. नराच्या सातव्या कड्यावर पायांच्या एका जोडीचा वेगळाच अवयव झालेला असतो, त्याच्या आकारावर नाव ठरतं. काळूरामाच्या बाटल्यांत साऱ्या माद्या. नर मिळाला तर त्या नाव लेखी देणार होत्या, आणि नावाशिवाय हरकत टिकणार नव्हती.

उन्हाळ्यात त्यानं गावाला दम भरला: त्या उताराचा पाला राबाला न्यायचा नाही. ग्रामसभेत हुज्जत घालणाऱ्या सरपंचाच्या मुलाची, हितेशची कॉलर धरली. गावानं ऐकलं. बायको येसूबाई तेव्हा माहेरी होती; ती आल्यावर मात्र तो घरी अवाक्षर बोलला नाही. बायकोला काय सांगायचं त्यात?

रोपांच्या वाफ्यावर पाला रचून जाळायचा, मग भात पेरायचं, हे राबाचं काम येसूबाई सासूकडून शिकलेली. तो मुरुडला गेला होता, तेव्हा तिनं अख्खा उतार झाडून भारे आणले. तो परतला तर वाफा काळा.

"यंदा पाला लय गावला," ती कौतुकाच्या आशेनं म्हणाली. "कुनी नेलाच न्हवता."

गावावर ओरडणाऱ्या काळूरामाला ओरडता येईना. त्यानं खाली बसून सगळं सांगितलं.

पावसात दोघं नर शोधत उतारावर रांगली. उघड्या मातीवरून पाणी सरळ खाली धावत होतं. हरकतीच्या मुदतीच्या शेवटच्या दिवशी येसूबाई ओंजळ मिटून आली. त्यानं भिंग लावलं. सातव्या कड्याला पायांच्या दोन्ही जोड्या धड होत्या. पुन्हा मादीच.

त्याच्या तोंडाकडे बघून तिला कळलं.

"मला आदी का न्हाय सांगितलंत?" ती म्हणाली.

तो मादीला ठेवायला ओला पाला शोधू लागला. मूठभरही सापडला नाही.